‘वाहनात काही फेरबदल केले आहेत काय?’ : दुचाकी विमा देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दुचाकी विम्याच्या पॉलिसींचे मसुदे तयार करणारे व दावे तपासणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

तुमच्या प्रस्ताव अर्जात ‘वाहनात काही फेरबदल केले आहेत काय?’ असा एक प्रश्न असतो आणि त्याच्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ असे दोन चौकोन असतात. मी सोळा वर्षे मोटारसायकल चालवते आहे, विम्याचे नूतनीकरण एकदाही चुकवलेले नाही, आणि तरीही या एका प्रश्नाला खरे उत्तर काय द्यायचे हे मला आजतागायत कळलेले नाही. माझ्या कंपनीला खासगी पत्र लिहून माझ्यापुरते कदाचित भागले असते. पण दुसऱ्या कंपन्यांचे अर्ज चाळून पाहिले तेव्हा लक्षात आले की शब्द जरा इकडेतिकडे होतात, चौकोन मात्र दोनच राहतात. म्हणून हे पत्र सगळ्यांना मिळून लिहीत आहे. पॉलिसी निवडण्याच्या विचारात असलेल्या मोटारसायकलस्वारांच्याही ते नजरेखालून जावे, अशी इच्छा आहे.

हा प्रश्न मला कसा भोवला ते आधी सांगते. गेल्या वर्षी एका रात्री उभी करून ठेवलेली माझी मोटारसायकल कोणत्या तरी वाहनाच्या धक्क्याने उजव्या बाजूवर पडली. धक्का देणारा सापडला नाही, त्यामुळे स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीखेरीज मला दुसरा आधार नव्हता. मागचा मडगार्ड, इंडिकेटर आणि फूटपेग हे मूळ भाग मोडले होते. त्यांच्या जोडीला मी बसवून घेतलेला क्रॅश गार्ड वाकला होता, उजवीकडची कडक सॅडलबॅग फुटली होती, तिची चौकट पिळवटली होती, एक फॉग लाइट निखळला होता आणि बदललेला सायलेन्सर चेपला होता. मूळ भागांची भरपाई घसारा, म्हणजे वय व वापरामुळे घटलेली किंमत, वजा करून मिळाली. क्रॅश गार्ड, चौकट आणि दिवा ‘विमित वाहनाचा भाग नाही’ म्हणून, तर बॅग ‘कायमस्वरूपी जोडलेली नाही’ म्हणून नाकारण्यात आली; आणि सायलेन्सरच्या बाबतीत असे पत्र आले की, अघोषित फेरबदल आढळल्याने संपूर्ण दाव्याचाच फेरविचार केला जाऊ शकतो. गाडी उभी होती, इंजिन थंड होते. तिला कोणत्या बनावटीचा सायलेन्सर आहे यावर तो धक्का बसणे वा न बसणे कसे अवलंबून होते, हे त्या पत्रात कुठेही लिहिलेले नव्हते.

माझी चूक नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. सायलेन्सर पॉलिसी सुरू झाल्यानंतर चार महिन्यांनी बदलला होता, आणि मुदतीच्या मध्यात केलेला बदल कळवण्याची अट पॉलिसीत छापलेली होती. ती मी वाचली नव्हती. पण क्रॅश गार्ड आणि बॅगा अर्ज भरतानाही गाडीवर होत्या. त्या वेळी मी ‘नाही’वर खूण केली, कारण फेरबदल म्हणजे इंजिनाशी केलेली खटपट, अशी माझी समजूत होती. बॅगा लावणे म्हणजे फेरबदल, हे मला दावा नाकारणाऱ्या पत्रातून कळले. शब्दाचा अर्थ भांडणाच्या वेळी सांगायचा असेल, तर आधी विचारलेल्या प्रश्नाला काय किंमत राहते?

‘फेरबदल’ या एकाच शब्दाखाली तुम्ही किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबता, ते पाहा. आरसा मोडला म्हणून दुसऱ्या उत्पादकाचा, पण त्याच मापाचा आरसा बसवला, तर तो बदली भाग झाला. उत्पादकाच्याच यादीतला टॉप बॉक्स विक्रेत्याने गाडी ताब्यात देताना लावून दिला, तर ती त्याच घराण्यातली ॲक्सेसरी झाली. क्रॅश गार्ड, हँड गार्ड, रेडिएटरची जाळी हे संरक्षणासाठी लावलेले भाग आहेत. त्यांनी जोखीम वाढत नाही आणि पडझडीत तुमचाही खर्च वाचू शकतो. सॅडलबॅग, उंच विंडस्क्रीन, गरम होणाऱ्या मुठी या प्रवासाच्या सोयी. लांब शॉक ॲब्सॉर्बर, गाडी खाली बसवणारे लिंक, उंच हँडल यांनी गाडीची भूमिती बदलते. आणि मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून रुंद, सिलिंडर, बदललेले स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक), ईसीयूचा म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा नव्याने लिहिलेला नकाशा यांनी तिची ताकद किंवा वेग घेण्याची रीत बदलते. आरसा बदलणारी व्यक्ती आणि बोअर वाढवणारी व्यक्ती एकाच चौकोनात खूण करत असतील, तर त्या खुणेवरून तुमच्या जोखीम ठरवणाऱ्यालाही काहीच कळणार नाही. मग ती खूण घेता तरी कशासाठी, असा प्रश्न पडतो. खूण केवळ पुढे दाखवता यावी म्हणून घेतली जाते, असा संशय ग्राहकाच्या मनात येतो, आणि तो दूर करण्यासाठी तुम्ही फारसे काही केलेले नाही.

तुमची काळजी मात्र खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या वीजजोडणीवर लावले, तर ते मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. रिले (जास्त प्रवाह वेगळ्या तारेने नेणारा स्विच) आणि योग्य फ्यूज न घालता ते मूळ हेडलाइटच्या तारेलाच जोडले, तर तार व स्विच तापणार, आवरण वितळणार आणि एखाद्या दिवशी आग लागणार, यात नवल नाही. टायरचेही तसेच आहे. टायरच्या कडेवर छापलेले ‘एस’ हे अक्षर ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा, तर ‘एच’ हे २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सांगते आणि त्याआधीचा आकडा भार सांगतो. गाडीला लागणाऱ्या श्रेणीपेक्षा खालच्या श्रेणीचे टायर केवळ रुंद दिसतात म्हणून बसवणाऱ्याने जोखीम खरोखरच वाढवलेली असते. हँडल उंच केले आणि ब्रेकची नळी व क्लचची केबल तेवढीच ठेवली, तर हँडल पूर्ण वळवताना त्या ताणल्या जातात. असे भाग बसवणाऱ्याकडून जास्त प्रीमियम मागण्याचा, तपासणीचा आग्रह धरण्याचा, प्रसंगी विमा नाकारण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. माझी विनंती एवढीच की हे सगळे आधी विचारून, आधी मोजून आणि आधी कळवून करा.

विमा हा परम विश्वासाचा करार आहे आणि ग्राहकाने सर्व काही आपणहून सांगितले पाहिजे, असे उत्तर मला देण्यात आले. त्यामुळे हे तत्त्व आले कुठून, ते मी शोधून वाचले. १७६६ सालच्या कार्टर विरुद्ध बोहम या इंग्लिश खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मांडले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सुमात्रा बेटावरच्या इंग्रजांच्या एका किल्ल्याचा, तो परकीय शत्रूने घेतला तर भरपाई मिळावी म्हणून, तिथला गव्हर्नर कार्टर याने विमा उतरवलेला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला. आणि गव्हर्नरने किल्ल्याची कमकुवत स्थिती लपवली, असे विमा देणाऱ्याचे म्हणणे होते. ज्या गोष्टी एकट्या विमाधारकालाच माहीत असतात त्या त्याने सांगितल्या पाहिजेत, असे न्यायमूर्ती म्हणाले खरे. पण जे विमा देणाऱ्याला माहीत आहे किंवा माहीत असायला हवे, ते सांगायची गरज नाही, असेही ते म्हणाले, आणि निकाल विमाधारकाच्या बाजूने लागला. अडीचशे वर्षे ग्राहकांच्या तोंडावर फेकले जाणारे हे तत्त्व ज्या खटल्यात मांडले गेले, तो खटला विमा देणारा हरला होता, ही गोष्ट दाव्यांच्या पत्रांत मी कधी वाचली नाही.

त्यानंतर काळ पुढे गेला आहे. खुद्द ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचा ‘सर्व काही आपणहून सांगा’ हा भार काढून घेतला. विचारलेल्या प्रश्नाला वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर द्यायचे, एवढेच त्याचे कर्तव्य उरले, आणि प्रश्न किती स्पष्ट होता हेही आता पाहिले जाते. तिथल्याच २०१५ च्या विमा कायद्याप्रमाणे, एखादी अट पाळली न गेल्याने प्रत्यक्ष घडलेल्या नुकसानीचा धोका त्या परिस्थितीत वाढूच शकत नव्हता असे विमाधारकाने दाखवून दिले, तर त्या अटीवर बोट ठेवून भरपाई टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९८४ च्या कायद्यापासून साधारण याच दिशेची तरतूद आहे, आणि जर्मनीने २००८ पासून ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा जुना नियम सोडून घोर निष्काळजीपणाच्या बाबतीत दोषाच्या प्रमाणात कपात करण्याची रीत स्वीकारली. हे कायदे प्रत्येक देशाला लागू नाहीत, हे मी जाणते. पण चांगली पद्धत अंगीकारण्यासाठी कायद्याच्या बडग्याची वाट पाहावी लागत नाही. थंड इंजिनाच्या उभ्या गाडीचा दावा तिच्या सायलेन्सरवरून अडवू नये, एवढे तुमच्या अंतर्गत नियमावलीत एका ओळीत लिहिता येईल.

आता ‘कायमस्वरूपी जोडलेले’ या शब्दांकडे वळते, कारण माझ्या मते दुचाकीच्या पॉलिसीतले सर्वांत निसरडे शब्द तेच आहेत. चावी फिरवली की निघणारी सॅडलबॅग कायमस्वरूपी नाही, हे मान्य करू. पण ती ज्या चौकटीवर बसते ती चार बोल्टांनी मूळ सांगाड्याला आवळलेली असते. बोल्ट काढता येतात, म्हणून तीही तात्पुरती मानायची असेल, तर मोटारसायकलचे चाकसुद्धा एका आसावर आणि एका नटावर उभे आहे. फोनचा धारक, दिशादर्शक, हेल्मेटमधला इंटरकॉम यांचे स्थान कोणते? हेल्मेट आणि जॅकेट काही पॉलिसींत वेगळे कलम घेऊन झाकले जातात, काहींत त्यांचा उल्लेखही नसतो. चोरीचा प्रकार तर त्याहून विचित्र आहे: अनेक पॉलिसींत ॲक्सेसरी चोरीला गेल्यास भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा तिच्यासोबत अख्खी गाडीही चोरीला जाते. म्हणजे चोराने नुसता टॉप बॉक्स नेला तर नुकसान माझे, आणि गाडीसकट नेला तर तुमचे. दुचाकीवरचे भाग उघड्यावर असतात आणि सहज निघतात, म्हणून ही अट आली असावी, हे समजते. पण पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘ॲक्सेसरीजसह’ हे ठळक अक्षरांत आणि ही अट आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापणे सभ्यतेला धरून नाही.

किंमत ठरवण्याबाबत तुम्ही आणखी मोघम आहात. जास्तीचा प्रीमियम भरून मी माझे भाग नोंदवले, तर मला मिळणार काय? त्या दिवशीचा बाजारभाव, नव्या भागाची पूर्ण किंमत, की आधीच ठरवून लिहिलेली रक्कम? या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि दरपत्रकात मात्र तिन्ही ‘ॲक्सेसरी कव्हर’ याच नावाने येतात. घसाऱ्याचे उदाहरण घ्या. भारतातल्या मोटर विम्याच्या दरपत्रकाची रीत अशी की रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य आणि धातूच्या भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे घसारा धरायचा. मूळ भाग गाडीबरोबरच म्हातारा होतो, त्यामुळे त्याच्यापुरते हे गणित चालते. पण पाच वर्षांच्या गाडीवर सहा आठवड्यांपूर्वी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या बॅगेचे वय कोणते धरायचे, गाडीचे की बॅगेचे? ज्या ज्या देशात असा घसारा कापला जातो, तिथे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पॉलिसीतच असले पाहिजे. नुकसानीचा अंदाज घेणाऱ्या सर्व्हेअरच्या त्या दिवशीच्या मर्जीवर ते सोडता येणार नाही.

एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. माझ्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मागचा मडगार्ड आणि इंडिकेटर हे दोन्ही मूळ उत्पादकाचे नव्हते, तर तुमच्या मान्यतेने धरलेले, दुसऱ्या कारखान्याने बनवलेले, त्याच मापाचे आणि अर्थातच स्वस्त भाग होते. विमा कंपन्या दुरुस्तीचा खर्च आवरण्यासाठी असे भाग वापरतात हे जगजाहीर आहे, आणि भाग चांगल्या प्रतीचा असेल तर माझी त्याला हरकतही नाही. पण बाहेरचा भाग मी माझ्या पैशाने लावला की तो ‘अघोषित फेरबदल’ होतो आणि तुम्ही तुमच्या पैशाने लावला की ‘समतुल्य दर्जाचा पर्याय’ होतो, हे कसे? भागाच्या दर्जाची कसोटी एकच असली पाहिजे. युरोपात आणि संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम मानणाऱ्या इतर देशांत मान्यताप्राप्त सायलेन्सरवर, दिव्यावर वा टायरवर वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक कोरलेला असतो. माझ्या सायलेन्सरवर ती खूण होती. तुमच्या मडगार्डवर कोणतीच नव्हती.

पॉलिसी निवडू पाहणाऱ्यांना येथे दोन गोष्टी सांगते, आणि त्या निमित्ताने ग्राहक तुम्हाला काय विचारणार आहेत हेही तुमच्या कानावर जाईल. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर भागांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यातून स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. हे अनेकांना अपघातानंतर कळते. स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना प्रीमियमच्या आकड्याआधी तीन गोष्टींची लेखी उत्तरे मागावीत: ॲक्सेसरीजसाठी मर्यादा किती आणि ती प्रत्येक भागाला आहे की सगळ्यांना मिळून, भरपाई कोणत्या किमतीने मिळणार, आणि दाव्यातली सुरुवातीची वजावट, म्हणजे नुकसानीचा आपणच सोसायचा पहिला हिस्सा, ॲक्सेसरीजसाठी वेगळी कापली जाणार का. मर्यादा सगळ्या भागांना मिळून असेल, तर महाग बॅगांची जोडीच ती संपवून टाकते आणि बाकीचे भाग उघडे राहतात. ज्याच्या गाडीवर एक क्रॅश गार्ड आणि फोनचा धारक एवढेच आहे, त्याने जास्तीचा प्रीमियम भरण्याआधी वजावट आणि भागांची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहावी. बहुधा त्याला ते कव्हर लागणारच नाही. भागांच्या पावत्या, बसवणाऱ्याचे बिल, अनुक्रमांक आणि गाडीवर बसवलेल्या स्थितीतले फोटो गाडीपासून वेगळे जपून ठेवावेत, आणि काढलेले मूळ भाग टाकून देऊ नयेत. गाडी पूर्ण निकामी ठरवली गेली, तर आपले भाग काढून मूळ भाग परत बसवायची मुभा मिळेल का, हेही आधी विचारून ठेवलेले बरे, कारण एकदा गाडी भंगारात गेली की त्या वादाला अर्थ उरत नाही. उत्पादकाची वॉरंटी हा वेगळा करार आहे. विमा कंपनीने भाग मान्य केला म्हणून उत्पादकही तो मान्य करील, असे धरून चालू नये.

तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. त्या दोन चौकोनांच्या जागी एक कोष्टक द्या: भागाचे नाव, बनावट, बसवल्याची तारीख, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात तुमचे उत्तर, म्हणजे मान्य, जास्त प्रीमियम घेऊन मान्य, किंवा अमान्य. हे कोष्टक पॉलिसीलाच जोडा, म्हणजे दाव्याच्या दिवशी दोघांपुढे एकच कागद असेल. मुदतीच्या मध्यात नवा भाग बसवला तर तो कळवण्यासाठी फोटो पाठवता येईल अशी सोय करा आणि ठरावीक दिवसांत उत्तर द्या. आज असा बदल कळवायचा तर कोणाला कळवायचा हे तुमच्या मदतवाहिनीलाही सांगता येत नाही. मी तीनदा विचारले आणि मला तीन उत्तरे मिळाली, त्यांतले एक ‘सांगू नका, उगाच गुंतागुंत होईल’ असे होते. ते उत्तर देणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने तुमचा अर्ज माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला असणार.

माझ्या पॉलिसीचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मी ‘होय’वर खूण करणार आहे आणि सोबत दोन पानांची यादी जोडणार आहे, तारखा, पावत्या आणि फोटोंसह. त्या यादीवर ‘पोहोचली’ एवढा शिक्का मारून ती फाइलमध्ये लावली जाणार असेल, तर तसे आधीच कळवावे. आणि कोणी ती वाचणार असेल, तर प्रत्येक ओळीपुढे आपले उत्तर लिहून, सही करून एक प्रत मला परत पाठवावी, ही विनंती.

आपली,
एक विमाधारक मोटारसायकलस्वार